आठव्या दिवसाचं नाव

“बाळाचं नाव काय ठेवणार?”

याय मारेमने हे वोलोफमध्ये विचारलं, तिच्या मुलीने ते मला इंग्रजीत सांगितलं आणि मी मराठीत वैजूला विचारलं. तीन भाषांतून फिरून प्रश्न पलंगापर्यंत पोचला, तशी वैजूने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

“काही नाही ठेवायचं,” ती म्हणाली.

हे उत्तर मी पुढे पाठवलं नाही. “आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी असतं,” मी सांगितलं. “अजून अवकाश आहे.”

याय मारेमने माझ्याकडे पाहिलं, मग वैजूच्या पाठीकडे पाहिलं. भाषा कळली नसली तरी पाठ तिला नीट कळली होती.

ही गोष्ट सत्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. माझा धाकटा भाऊ दिगंबर तेव्हा आफ्रिकेत, सेनेगल देशातल्या कावलाक नावाच्या गावी शेंगदाणा तेलाच्या गिरणीत फोरमन होता. आम्ही अमळनेरचे, तेलाच्या वासातच लहानाचे मोठे झालेलो. ‘कुठे का असेना, शेंगदाणाच आहे ना,’ म्हणत तो गेला आणि तिथे रमला. मी चव्वेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेला सुट्टी लागली आणि भावजयीचं बाळंतपण करायला मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. वैजूला आई नव्हती, आमची आईही दोन वर्षांपूर्वी गेली होती. म्हणजे तिच्या हक्काचं बाईमाणूस काय ते मीच, आणि तीच तर अडचण होती.

वैजूचं हे तिसरं बाळंतपण. पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. मग तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली. तिच्या वेळी आई हयात होती. “यंदा जरा वाईटसाईट नाव ठेवा गं,” असं ती हळूच म्हणाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी आठवडाभर शब्दकोश चाळून ‘अमृता’ काढलं, पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले. सव्वा महिन्याची होऊन ती गेली. वैजू त्यावर मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ही तिसरी, जेमतेम दोन किलोची. दवाखान्यातली नर्स रोज येऊन तिला झोळीत घालून वजन करायची. सहाव्या दिवशी तिने काट्याकडे पाहून मान हलवली. तिच्या फ्रेंचचं दिगंबरने मराठी केलं.

“म्हणते, इथे औषधाचं काम नाही. आईने दिवसभर छातीशी धरून ठेवायला पाहिजे. नाहीतर हिचं काही खरं नाही.”

वैजू पाजायची, नाही असं नाही. मी बाळ आणून दिलं की घ्यायची, डोळे मिटून पाजायची आणि लगेच परत द्यायची. “घ्या हे,” म्हणायची. ती मुलगी आहे हेसुद्धा तिने अजून तोंडातून काढलं नव्हतं.

याय मारेमचं घर समोरच होतं. मधे एक अंगण आणि अंगणात कडुनिंब. एवढ्या लांब येऊन कडुनिंब भेटल्यावर मला इतकं हायसं वाटलं होतं की पहिल्याच दिवशी मी त्याला हात लावून आले होते. याय म्हणजे आई, गल्लीतले सगळे तिला तसंच म्हणत. तिचा मुलगा गिरणीत दिगंबरच्या हाताखाली होता. मुलगी सव्वीस वर्षांची, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. दोघी मास्तरणी, दोघींचं इंग्रजी पुस्तकी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. ती मला बाजेन म्हणे. बाजेन म्हणजे आत्या, आणि नाव ठेवायच्या दिवशी तिचा मान त्यांच्याकडेही मोठा असतो, हे तिनेच मला सांगितलं.

तिचं स्वतःचं नाव बुगुमा.

“आमच्यात आठव्या दिवशी नाव ठेवतात,” वैजूच्या खोलीतून बाहेर येऊन आम्ही कडुनिंबाखाली बसलो तेव्हा ती म्हणाली. “उद्या आठवा. आई म्हणते, मूल बिननावाचं राहू देऊ नये. त्याला कुणीही हाक मारू शकतं.”

“कुणीही म्हणजे?”

“कुणीही,” ती म्हणाली, आणि विषय तिथेच ठेवला.

बाळ माझ्या मांडीवर होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, “नाक बघ कसं तरतरीत आहे. देखणी होणार पोरगी.” बुगुमाने ते आईला सांगितलं मात्र, याय मारेम हातातली शेंग टाकून “कार, कार” म्हणाली.

“हे काय?”

“कौतुक झालं की लगेच म्हणायचं असतं. नको त्याच्या कानावर पडलं तर?”

आपल्या दृष्ट काढण्यातलाच प्रकार. मी शाळेत विज्ञान मंडळ चालवणारी बाई, मनातल्या मनात हसले. आणि मग बाळाच्या गालावरचा काजळाचा ठिपका पुसला तर गेला नाही ना, ते पाहून घेतलं.

“तुमच्या नावांना अर्थ असतात का?” मी विचारलं. “तुझ्या नावाचा काय?”

“बुगुमा? ‘मला नको.’”

“कुणाला नको?”

“आईला.”

झालं. माझ्यातली मुख्याध्यापिका ताडकन उठून बसली. चौथी-पाचवी मुलगी झाली की आमच्याकडे तिला नकुसा म्हणून मोकळे होणारे आईबाप मी बावीस वर्षं पाहत आले होते. माझ्या शाळेत असं नाव टिकायचं नाही. प्रवेशाच्या दिवशीच मी नकुसाची निकिता करी, दगडीची देवयानी करी, केराबाईची केतकी करी. एकूण एकेचाळीस मुली. पालक कुरकुरायचे. “मुलीच्या जातीने हे ओझं जन्मभर वागवायचं का?” हा माझा ठरलेला सवाल, आणि त्यावर कुणाचं काही चालत नसे.

मी बुगुमाचा हात धरला. “तू शिकलेली मुलगी. मुलगी झाली म्हणून आईबापांनी राग काढला, तो तू कशाला सोसतेस? बदलून टाक. मी देते तुला चांगलं नाव. आमच्यात ‘ईप्सिता’ म्हणतात. म्हणजे हवीहवीशी.”

बुगुमा आधी गोंधळली. मग हसत सुटली आणि तिने ते आईला सांगितलं. याय मारेमही डोळे पुसेपर्यंत हसली. मला अगदी कानकोंडं झालं.

“बाजेन,” हसणं आवरून बुगुमा म्हणाली, “माझ्याआधी आईची चार मुलं गेली. सगळ्यांची नावं सुरेख होती. एकाला तर आजोबांचं नाव होतं. पाचव्या खेपेला मी झाले, तेव्हा तिने मला नेऊन केराच्या ढिगावर ठेवलं. शेजारणीने उचलून आणलं. आई मोठ्याने म्हणाली, मला नको ती, तुला हवी तर ठेव. कुणी ऐकत असेल तर त्याने ऐकावं म्हणून. आईलाच जे नको, ते न्यायला कोण येणार?”

“म्हणजे तू नकोशी नव्हतीस?”

“तिला मी इतकी हवी होते की तसं म्हणायची चोरी झाली. सव्वीस वर्षं ती मला दिवसातून दहादा हाक मारते आणि दर हाकेला माझ्यासाठी खोटं बोलते. पहिल्या दिवशी मी वर्गात फळ्यावर नाव लिहिते. शहरातून आलेली मुलं हसतात. मी त्यांना विचारते, तुमच्यापैकी कुणाच्या आईने तुमच्यासाठी एवढं केलंय?”

याय मारेम शेंगा सोलत होती. मुलगी काय सांगतेय ते तिला कळत असावं, कारण तिने मान वर केली नाही.

“माझ्या पाठच्या भावाचं नाव मोदू,” बुगुमा म्हणाली. “साधंच, चांगलं. तोवर भीती गेली होती. तुमच्या नावाचा अर्थ काय, बाजेन?”

“मृदुला. म्हणजे मऊ, कोमल.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कुणी ठेवलं?”

“मीच,” मी म्हणाले, आणि लंगोट बदलायचं निमित्त करून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी याय मारेम डोक्यावर भलंमोठं लाकडी भांडं घेऊन आली. त्यात बाजरीची लापशी होती, वर दही आणि साखर. आमच्या खानदेशात बाजरीच्या कण्या ताकात कालवतात, त्यांचीच ही श्रीमंत बहीण. मागोमाग गल्लीतल्या पाच-सहा बायका नेसूनसवरून आल्या आणि कडुनिंबाखाली चटईवर बसल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आठवा दिवस कुठल्याही घरचा असो, तो त्यांना माहीत असे. दिगंबरने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि तो दारात उगाच उभा होता.

नर्स सकाळीच येऊन गेली होती. काटा आणखी थोडा खाली आला होता.

मी आत गेले. “वैजू, बाहेर बायका जमल्यात. नावाचं काय करू?”

“तुम्ही काही करू नका.”

“अगं, आत्या आहे मी तिची.”

“म्हणूनच म्हणते.” ती भिंतीकडेच पाहत होती. “अक्का, तुमच्या तोंडून नको.”

तीन वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते, ते एकदाचं आलं. लागलं. खोटं कशाला सांगू. पण थोडं बरंही वाटलं, कारण आता दोघींमध्ये झाकायचं काही उरलं नव्हतं.

“अमृता मी ठेवलं,” मी म्हणाले. “आईचंही ऐकलं नाही. चुकलं माझं.”

“तुमचं काय चुकलं? नावाने कुणी मरतं का?” वैजूचा आवाज अगदी शांत होता. “कळतं मला सगळं. नर्स काय म्हणते तेही कळतं. पण हात पुढे होत नाहीत. हिला नाव दिलं की ती माझी होईल. माझी झाली की जाईल.”

बाळ माझ्या खांद्यावर होतं. पिसासारखं म्हणतात तसं, ओझंच नाही. मला आदल्या दिवशीचं कडुनिंबाखालचं बोलणं आठवलं. खरं तर रात्रभर दुसरं काही आठवत नव्हतं.

“मग चांगलं नाव द्यायचंच नाही,” मी म्हणाले. “माझं देऊ.”

“मृदुला?”

“ते नव्हे. माझं.”

वैजूने आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून मान वळवली. दारातून दिगंबर म्हणाला, “अक्का, तू शपथ घातली होतीस म्हणून मी हिलासुद्धा कधी सांगितलं नाही.”

“आता मीच सांगते.”

मी सांगितलं. “माझ्याआधी आईचे तीन मुलगे गेले. मी झाले तेव्हा आजीने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या कासारणीने मूठभर ज्वारी देऊन विकत घेतलं आणि परत आईच्या ओटीत टाकलं. नाव ठेवलं धोंडी. सोळा वर्षं मी त्या नावाने जगले. पाऊस लांबला की पोरी आमच्या दारात येऊन ‘धोंडी धोंडी पाणी दे’ ओरडायच्या आणि मी मोरीत जाऊन रडायचे. मॅट्रिकचा फॉर्म आला तेव्हा त्यावर मी स्वतःच्या हाताने मृदुला लिहिलं. एकेचाळीस मुलींची नावं बदलली म्हणते ना मी? बेचाळीस. पहिली मीच.”

“आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत?”

“भाकरी थापत होती. मला वाटलं रागावेल. म्हणाली, ‘टाक. काम झालं त्याचं.’ एवढंच. पुढे मला सगळे अक्काच म्हणायला लागले. मी समजत होते, तिलाही ते नाव आवडत नसावं.” “उकिरड्याची गोष्ट मला तोंडपाठ होती, वैजू. तिच्यात मला अडाणीपणा दिसला, आजी दिसली, कासारीण दिसली. आई काही दिसली नव्हती. ती काल दिसली.”

वैजू उठून बसली. “आणि तुम्ही जगलात.”

“जगले म्हणजे! मला विषमज्वर झाला, मी विहिरीत पडले, एकदा बैलाने शिंगावर घेतलं. दिगूला विचार. त्याला दिगंबर नाव मिळालं ते माझ्या जिवावर. वापरलेलं नाव आहे, कबूल. पण टिकाऊ आहे.”

तेवढ्यात बाळ कुरकुरलं. भूक लागली की ते आधी मांजरासारखं कुरकुरायचं, रडायचं त्राण त्याच्यात नव्हतं. वैजूने त्याच्याकडे पाहिलं.

“गप गं, धोंडे,” ती म्हणाली. “काय कटकट आहे.”

आणि तिने हात पुढे केले.

मी बाळ तिच्याकडे दिलं. “मेली नुसती,” ती म्हणाली. “हाडं तेवढी आहेत. नाक तर बघा, आहे का नाकासारखं? कुणाला हवीय ही? कुणाला नकोय.” असं एकेक दूषण देत तिने पोरीला पदराखाली घेतलं, छातीशी गच्च धरलं, आणि मग ती रडायला लागली. रडत होती आणि शिव्या देत होती. दिगंबर तोंड फिरवून अंगणात गेला. मीही रडले, मला त्याची लाज वाटत नाही.

पोट भरल्यावर आम्ही तिला बाहेर नेलं. वैजू माझा हात धरून कडुनिंबाखाली आली. त्यांच्याकडे नाव इमाम किंवा घरातला वडीलधारा कानात सांगतो. इथे बाजेनच सांगणार, असं याय मारेमने जाहीर केलं. मी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच त्या नावाने हाक मारली. अशा वेळी आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात, हे दिगंबरने वोलोफमध्ये समजावून सांगितलं. त्या बायकांनी ते मनावर घेतलं. आठवडाभर माझी पाठ ठणकत होती.

“अर्थ काय?” बुगुमाने विचारलं.

“दगड. माझंच पहिलं नाव आहे ते.”

तिने आईला सांगितलं. याय मारेमने विचार केला आणि मान डोलावली.

“चांगलं आहे म्हणते,” बुगुमा म्हणाली. “दगड उचलून कोण नेतं? आणि बाजेन, आता तुम्ही दोघी तुरांदो झालात. एका नावाच्या दोघी. तुमचा स्वभाव तिच्यात उतरणार, आणि तिचा तुमच्यावर हक्क. आमच्यात हे नातं मोडता येत नाही.”

मी सुट्टी संपून निघाले तेव्हा काटा तीन किलोच्या पुढे गेला होता. वैजू दिवसभर पोरीला झोळीत बांधून फिरायची आणि येईल त्याला सांगायची, हिचा मला अगदी वीट आलाय.

पुढे ते अमळनेरला परत आले. त्र्याण्णव साली धोंडीला घेऊन वैजू माझ्या शाळेत आली. मी पट उघडला. “काम झालंय त्याचं,” मी म्हणाले. “आता ऋजुता लिहू का?” वैजूने पटावर हात ठेवला. “अक्का, आहे तेच लिहा.” मी लिहिलं. आता ती दोन मुलांची आई आहे. तिचा स्वभाव आत्यावर गेलाय, असं तिचा नवरा सांगतो, आणि ते कौतुकाने सांगत नाही.

इतर मुलींची नावं मी त्यानंतरही बदलली, पण आधी त्यांच्या आयांना बोलावून घ्यायला लागले. हे नाव का ठेवलंत, एवढंच विचारायचे. काही घरांत नकुसा ही खरोखरच नकुसा असते, तिथे मी लेखणी उचलायचे. पण काही बाया उत्तर देण्याआधी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणत. त्यांच्या मुलींच्या नावाला मी हात लावला नाही.

बुगुमाची पत्रं यायची. तिचं लग्न झालं. पहिला मुलगा झाला आणि गेला, तेही तिने दोन ओळींत कळवलं. चौऱ्याण्णव सालच्या पत्रात मात्र एक फोटो होता. डोकं तासलेलं, डोळे मिटलेलं बाळ, आणि त्याला मांडीवर घेतलेली याय मारेम, आता पार म्हातारी.

बुगुमाने लिहिलं होतं: “मुलगी झाली. काल आठवा दिवस होता. मला काही सुचत नव्हतं. आई म्हणाली, आपल्या अंगणात दोनदा पारखलेलं नाव असताना शोधतेस काय? तिचं नाव धोंडी ठेवलं. शेजारणी अर्थ विचारतात, आई त्यांना सांगत बसते. तुमच्या तुरांदोला तुमच्या हातच्या दोन ओळी हव्यात.”

मी त्याच संध्याकाळी पत्र लिहायला बसले. पोरीचं अजिबात कौतुक केलं नाही. नाक बरं नाही, डोकं वाकडं आहे, असं बरंच लिहिलं. खाली सवयीने मृदुला अशी सही केली. मग ती खोडली आणि शेजारी पस्तीस वर्षांनी माझं नाव लिहिलं.

आई, तू टाक म्हणाली होतीस. पण काम झालं नव्हतं त्याचं.